हातची किल्ली

माझ्या जुडग्यात सात किल्ल्या आहेत. त्यांतल्या तीन कशाच्या हे मला ठाऊक आहे. उरलेल्या चार मी वीसेक वर्षं इमानेइतबारे खिशातून वागवतो आहे. एक बहुधा स्कूटरची असावी. ती स्कूटर मी 2004 सालीच विकली. दुसरी बँकेतल्या माझ्या टेबलाच्या खणाची. मी निवृत्त झालो, टेबल भंगारात गेलं, बँकसुद्धा दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली, पण खणाची किल्ली माझ्याकडे शाबूत आहे. उद्या कुणी तो खण घेऊन आलाच, तर माझी तयारी आहे! ‘फेकून का देत नाही?’ असं ही दर दिवाळीच्या साफसफाईला विचारते. मी तो जुडगा तिच्यापासून लपवून ठेवतो. मग तो मलाही सापडत नाही.

बाहेरून घरी आलो की दारापुढे उभं राहून मी आधी शर्टाचा खिसा चाचपतो, मग पँटचा उजवा, मग डावा, मग पिशवी, मग पुन्हा शर्टाचा, कारण मधल्या वेळात किल्ली तिथं आली असेल अशी एक अंधुक आशा असते. समोरच्या बिऱ्हाडातली पोरं हा कार्यक्रम रोज बघतात. पोलीस दुसऱ्यांची झडती घेतात, हे आजोबा स्वतःचीच घेतात, असं त्यांतलं एक कार्टं म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं आहे.

गेल्या डिसेंबरात माझा पुतण्या आला, तेव्हा ही झडती त्यानंही पाहिली. तो पुण्याला असतो, त्याआधी चार वर्षं स्टॉकहोमला होता. म्हणाला, “काका, ह्यावर इलाज आहे.” आणि त्यानं उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या मांसल भागात कातडीखाली काहीतरी लांबट, बारीक हलत होतं. तांदळाचा दाणा रुतून बसावा तसं.

“काटा मोडलाय का रे?” मी विचारलं.

“किल्ली आहे,” तो म्हणाला.

ही स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं तो दाणा बोटानं दाबून पाहिला, दुखतं का विचारलं, आणि हळद लावायला निघाली. तिला कसंबसं थांबवलं.

तर हा दाणा म्हणजे काचेची कुपी. लांबी साधारण 12 मिलिमीटर, जाडी 2 मिलिमीटर. आत एक इवलीशी चिप आणि तिच्या जोडीला केसाहून बारीक तारेचं वेटोळं. बॅटरी वगैरे नाही. कुलपातल्या यंत्रापाशी हात नेला, की त्या यंत्राच्या लहरींवर ही चिप जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा झोपते. सरकारी कचेरीत अशी माणसं मी पाहिली आहेत, पण ती एवढ्या लवकर जागी होत नसत. यंत्राला नंबर पटला, की कुलूप उघडतं. इंग्लंडातल्या रेडिंग विद्यापीठाचे केविन वॉरविक नावाचे प्राध्यापक 1998 साली अशी चिप दंडात बसवून घेऊन नुसते चालत गेले, तर वाटेतली दारं आपोआप उघडत होती. 2005 साली अमेरिकेत अमल ग्राफस्ट्रा या गृहस्थांनी हातात चिप घालून घराचं दार उघडायला सुरुवात केली. स्वीडनमध्ये तर हजारो लोकांनी हे करून घेतलं, आणि 2017 साली तिथल्या रेल्वेनं असला हात म्हणजेच तिकीट असंही चालवून पाहिलं. म्हणजे टी.सी. आला की हात पुढे करायचा. आमच्या भुसावळ पॅसेंजरला असा हात पुढे केला असता, तर टी.सी.नं त्यात काहीतरी ठेवण्याची वाट पाहिली, असा अर्थ निघाला असता.

पुतण्याचा आता त्याच कामातला धंदा आहे. दाराची अशी कुलपं बाजारात येऊन जुनी झाली. त्याला लोंबतं कुलूप करायचं आहे. कडी-कोयंड्याला लावायचं, साधं, आपलं. त्यासाठी लोकांना कुलपाकडून नेमकं काय हवं असतं, ते विचारत तो फिरत होता. एक छापील फॉर्म होता, त्यात चौकोन होते. “काका, तुम्ही माझे पहिले ग्राहक,” म्हणाला. मला फार बरं वाटलं. साठीनंतर आपल्याला काय हवं हे विचारणारे फक्त डॉक्टर आणि वेटर, आणि दोघंही ते देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आसोद्याच्या रस्त्याला माझ्या एका मित्राच्या मळ्यात भरिताचा बेत होता. जळगावात थंडी पडली की वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि कळण्याच्या पुऱ्यांशी भरीत खायचं, हा आमच्याकडे ऋतूच आहे. पुतण्या फॉर्म घेऊन तिथंही आला. वांगी भाजली जात होती, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत समदृष्टीनं जात होता, आणि तो एकेकाला विचारत होता. तिथं मला कळलं, की कुलूप या विषयावर प्रत्येक माणसाच्या पोटात एक प्रबंध तयार असतो, कुणी विचारत नाही एवढंच.

एक निवृत्त मास्तर म्हणाले, उन्हाळ्याचं काय? मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. दुपारी लोखंडी कुलूप उपरण्यात धरून उघडावं लागतं. तुझ्या बॅटरीचं भजं होणार नाही कशावरून? दुसऱ्यानं पावसाचं विचारलं. तिसऱ्यानं विचारलं, बॅटरी संपली तर? काही इलेक्ट्रॉनिक कुलपांना बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवून जागं करायची सोय असते, असं पुतण्या म्हणाला. म्हणजे किल्ली विसरायची नाही म्हणून हातात चिप घालायची आणि बॅटरी विसरायची नाही म्हणून ती खिशात ठेवायची, असा त्या गृहस्थांनी हिशेब केला. चौथे वकील होते. त्यांनी विचारलं, ह्या नंबरची नक्कल होते का? पुतण्या प्रामाणिक आहे. म्हणाला, स्वस्तातल्या साध्या चिपांची सहज होते, भारीतल्यांची तितकी सोपी नाही. शिवाय आणखी एक अडचण त्यानं आपणहून सांगितली. कुलूप मजबूत हवं तर ते धातूचं हवं, आणि धातू ह्या लहरी गिळून टाकतो. दाण्यातलं वेटोळं एवढंसं, त्यामुळे हात अगदी टेकवावा लागतो, तोही बरोबर कोनात. पहिल्यांदा जमत नाही. मग माणूस कुलपाशी असा उभा, असा उभा, जरा तिरका... माझी झडती बरी, असं मला वाटून गेलं.

पण खरी पंचाईत केली ती मळ्याच्या मालकानं. त्याची विहिरीवर पंपाची खोली आहे. केबल चोरीला जातात म्हणून तिला कुलूप असतं. “मला हे कुलूप दे,” तो उत्साहानं म्हणाला, “किल्ली हरवण्याची कटकटच मिटली.” मग त्यानं पुरी तोडता तोडता विचार केला असावा. “पण रात्री दोनला लाइट येते. पंप कोण चालू करणार? सालदार. आणि दाणा माझ्या हातात.”

“मग तुम्हीच जा की,” मास्तर म्हणाले.

“रात्री दोनला? मग सालदार कशाला ठेवलाय?”

सालदार तिथंच वांगी उलटीपालटी करत होता. तो एवढंच म्हणाला, की मालकांनी हात ठेवून घरी जावं. त्यावर बराच वेळ हशा चालला. पण भाकरीचा तुकडा घशात अडकावा तसं ते वाक्य माझ्यात अडकलं.

कुलपाविषयी मी आजवर असा विचार केला नव्हता. अर्देशीर गोदरेज वकिली सोडून 1897 साली मुंबईत कुलपं करायला लागले, तेव्हापासून मराठी मध्यमवर्गानं आपली झोप कुणाच्या तरी कारखान्यात करून घेतली आहे. दार लावलं, कुलूप ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं, की आपण निर्धास्त. कुलूप म्हणजे ‘बाहेरच रहा’ असं जगाला सांगणं, एवढाच अर्थ मला माहीत होता. शनी शिंगणापूरची घरं दारांवाचून असतात. तिथं 2011 साली युको बँकेनं शाखा काढली, ती बिनकुलपाची बँक म्हणून गाजली. मी बँकेतला माणूस, मला चैन पडेना. पुढं वाचलं, की दाराला चटकन न दिसणारं, रिमोटवर चालणारं विजेच्या चुंबकाचं कुलूप होतंच! तेव्हा कुठं मला झोप लागली. देवावर विश्वास होता, पण ऑडिटर शिंगणापूरचे नसतात.

आणि मग अशीही कुलपं असतात, जी आपल्यासाठी असतात पण त्यांची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते. आमच्या धुळ्याचा तुरुंग बघा. 1932 साली विनोबा तिथं बंदिवान होते आणि दर रविवारी गीतेवर बोलत, साने गुरुजी ते उतरवून घेत. कुलूप सरकारचं, किल्ली जेलरची, आणि आत जे चाललं होतं त्याला कुठलं कुलूप लागत नव्हतं. पण हा दाखला थोरांचा झाला. आपलं साधं बघू. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर अंगठा टेकवायचा असतो. वर्षानुवर्षं कापूस वेचून, मिरच्या खुडून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा मशीन ओळखत नाही. बाई तीच, दुकानदार तिला लहानपणापासून ओळखतो, आणि मशीन म्हणतं ही ती नव्हेच. पुन्हा टेकव, पदराला पूस, पुन्हा टेकव. अंगच किल्ली झालं, की किल्ली झिजल्यावर दुसरी करून कुठून आणायची? किल्लीवाला हातगाडीवर कानस घेऊन बसतो, तो अंगठ्याला कानस लावत नाही.

2017 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये थ्री स्क्वेअर मार्केट नावाच्या कंपनीनं आपल्या पन्नासेक कर्मचाऱ्यांच्या हातात असे दाणे बसवले. कुणावर सक्ती नव्हती. दार उघडा, संगणक चालू करा, यंत्रातून खाऊ घ्या, सगळं हातानं. पुतण्यानं हे कौतुकानं सांगितलं. मी विचारलं, नोकरी सुटली की? तो म्हणाला, यादीतून नंबर काढतात. आणि दाणा? दाणा राहू द्यायचा, नाहीतर काढून घ्यायचा. मला माझ्या खणाची किल्ली आठवली. ती निदान खिशात आहे.

“काका, तुम्ही उगाच फाटे फोडता,” पुतण्या जरा वैतागून म्हणाला. आम्ही मळ्यातून परतत होतो. “मी हे का करतोय, तुम्हाला माहीत आहे. आजीसाठी. आजीच्या वेळी हे असतं, तर ती दीड तास तशी पडली नसती. किल्ली हाताशी नव्हती, एवढ्यापायी.”

मी गप्प बसलो. घरी येईपर्यंत गप्पच होतो. हिनं विचारलं, भरीत बाधलं का?

आता ती गोष्ट सांगायलाच हवी. धुळ्याला आमचं जुनं घर आहे, जुन्या धुळ्यातल्या नंबरी गल्लीत. आई तिथं एकटी राहायची. जळगावला ये म्हटलं, तर म्हणायची, माझी एकवीरा देवी इथं आहे, तिला कोण बघणार? रात्री ती पुढल्या लोखंडी जाळीच्या दाराला आतून कुलूप लावायची आणि किल्ली उशाखाली ठेवायची. दुसरी किल्ली समोरच्या आक्कांकडे असायची. आक्का म्हणजे नात्यातल्या कुणी नव्हेत. समोर राहतात, एवढंच नातं. चाळीस वर्षं आमची किल्ली त्यांच्या दाराआडच्या खिळ्याला होती. दाणे वाळत घातलेत आणि पाऊस आला, आई देवळात आहे, तर आक्का कुलूप उघडून दाणे आत घेणार, परत कुलूप लावणार. मी नोकरीच्या गावाहून अवचित आलो, तर समोरून आवाज यायचा, “चावी मनाजोडे शे रे भो!”

2017 च्या उन्हाळ्यात आईचे थोडे पैसे सापडेनात. फार नव्हते. मी कुणावर संशय घेतला नाही, असं मी स्वतःला सांगितलं. फक्त जळगावहून एक भक्कम नवं कुलूप घेऊन गेलो. त्याला दोन किल्ल्या होत्या. एक आईला दिली, दुसरी माझ्या जुडग्यात अडकवली. आणि आक्कांकडून जुनी किल्ली मागून घेतली. वास्तविक कुलूपच बदललं होतं, जुनी किल्ली परत घ्यायची काही गरज नव्हती. तरी घेतली. “तुमच्यावर उगाच जबाबदारी कशाला,” असं मी हसून म्हणालो. आक्कांनी खिळ्यावरून काढून दिली. चहाचं विचारलं, पण तो झाला नाही. पैसे महिन्याभरानं गव्हाच्या कोठीत सापडले. ते आईनंच ठेवले होते. मी आक्कांना काही बोललो नाही. काय बोलणार?

श्रावणात एका पहाटे आई न्हाणीकडे जाताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिनं हाक मारली ती आक्कांना ऐकू गेली. आक्का धावत आल्या, जाळीतून हात आत घातला. हात कुलपापर्यंत सहज पोचत होता. कुलूप हातात आलं, आणि किल्ली नव्हती. किल्ली एक आईच्या उशाखाली, आणि एक 90-95 किलोमीटरवर माझ्या पँटच्या खिशात. गल्लीतली माणसं जमली. सब्बल आणली, हातोडा आणला. मी खूप चौकशी करून घेतलेलं कुलूप होतं, ते काही तुटेना. शेवटी कुणीतरी जाऊन वेल्डिंगवाल्याला उठवून आणलं. तोवर दीड तास झाला होता. त्या दीड तासात आक्का जाळीशी बसून, हात आत घालून, आईशी बोलत होत्या. हात कुलपाला पोचत होता, आईला नव्हता पोचत.

आई त्यानंतर दोन वर्षं होती, आमच्याकडे जळगावला, बहुतेक अंथरुणावर. तिनं कधी विषय काढला नाही. आक्काही बोलल्या नाहीत. घरात सगळ्यांची समजूत अशी, की किल्ली आईच्या उशाखाली राहिली, दैव! तीच समजूत पुतण्याचीही. मी ती कधी मोडली नाही. माणसं गुन्हे करतात आणि त्यांना शिक्षा होते; असल्या गोष्टीला काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी चोरी पकडली नाही, कुणाला शिवी दिली नाही. फक्त एक किल्ली परत घेतली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी पुतण्याला हे सांगितलं. ही तिथंच भांडी आवरत होती. तिनं पाठ वळवली नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला.

पुतण्या बराच वेळ फॉर्म हातात घेऊन बसला. मग, बहुधा दुसरं काही सुचेना म्हणून, त्यानं धंद्याचंच काढलं. “माझ्या कुलपात एकाहून जास्त हात घालता येतात, काका. आजीचा, तुमचा, आक्कांचाही.”

“आक्का ह्या वयात हातात सुई खुपसून घेतील?”

“नाही घेणार. मग त्यांना एक कार्ड देता येईल. तेच कुलूप कार्डानंही उघडतं.”

“ते कार्ड त्या कुठं ठेवणार?”

तो विचारात पडला. “कुठंही. दाराआड. भोक पाडून खिळ्याला अडकवता येईल.”

“म्हणजे किल्लीच की रे!” ही आतून म्हणाली.

त्यानं फॉर्मावर काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं नाही. पण चौकोनांत नाही लिहिलं, बाहेरच्या मोकळ्या समासात लिहिलं, एवढं मला दिसलं.

जानेवारीत आम्ही दोघं धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा मागे पडलं, तसं माझ्या पोटात मुरड पडायला लागली. घर आई गेल्यापासून बंदच आहे. जाळीच्या दाराला वेल्डिंगचा डाग तसाच आहे, त्यावर आता दुसरं, स्वस्तातलं कुलूप असतं. आक्का समोर ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. आता त्यांना कमी दिसतं. पुतण्याला त्यांनी आवाजावरून ओळखलं. त्याचा हात हातात घेतला, तर त्यांच्या बोटाला तो दाणा लागला. “काय घुसनं रे?” म्हणाल्या. त्यानं सांगायचा प्रयत्न केला, पण ते अर्ध्यावरच राहिलं.

मी जुडग्यातून किल्ली सोडवत होतो. ती कडी नखानं उघडता उघडेना. दोन किल्ल्या उगाच निघाल्या, स्कूटरची आणि खणाची. शेवटी हवी ती निघाली. मी ती आक्कांपुढे धरली. वाटेत एरंडोलपासून पाठ करत आलेलं एक वाक्य होतं, ते काही तोंडातून फुटलं नाही. “ही ठेवा,” एवढंच म्हणालो.

आक्कांनी किल्ली चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, “तठे खियाले टांगी दे.”

मी दाराआड पाहिलं. खिळ्यावर आधीच सहा-सात किल्ल्या होत्या, कुणाला लाल चिंधी, कुणाला सुतळी, कुणाला गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा. गल्लीतली निम्मी पोरं पुण्याला, नाशिकला, कुणी त्याच्याही पलीकडे. आमच्या किल्लीला बांधायला चिंधी नव्हती. पुतण्यानं आपल्या पिशवीवरची हवाई कंपनीची पट्टी फाडून ती किल्लीत ओवली.

“आनि त्या कुलूपले तेल टाक रे भो,” आक्का मागून म्हणाल्या, “गंजी गयं ते.”

मग त्यांनी चहाचं विचारलं. आम्ही हो म्हणालो.